गाडीचा भोपळा गळतो

३, सोमवार

ही वही ह्यांनी आणून दिली. म्हणाले, "मला सांगायच्या आधी सगळं यात लिहीत जा. लिहून उरलं तर मला सांग." सव्वीस वर्षं संसार केला त्याचं हे बक्षीस. बरं, लिहिते. चौथीपर्यंत शाळा झाली आहे, पुढचं कपड्यांना खुणेच्या चिठ्ठ्या लावता लावता आलं.

तर झालं असं. आमची लाँड्री आहे आणि लाँड्रीचं पोट दवाखान्यावर आहे. चादरी, अभ्रे, गाऊन, टॉवेल, रोज दोन फेऱ्या. हे गाडी चालवतात, मी शेजारी बसून रस्ता दाखवते. रस्ता त्यांना पाठ आहे, तरी दाखवते. बाकीचं घरगुती गिऱ्हाईक नुसतं तोंडी लावायला. दवाखाना सुटला तर बॉयलर थंड करायचा आणि दोघांनी एकमेकांची तोंडं बघत बसायचं.

आज मेट्रनबाईंनी मला मागच्या दाराशी बोलावलं. ही बाई कधी हसत नाही आणि कधी आवाज चढवत नाही, त्यामुळे तिच्याशी भांडताच येत नाही. बोटाने फरशी दाखवली. पांढरी फरशी, तिच्यावर बशीएवढा काळा डाग. म्हणाल्या, तुमच्या गाडीचं तेल. काल वॉर्डातली मावशी यावरून घसरली, जेवणाचा ट्रे पालथा झाला, कंबर थोडक्यात वाचली. इथून स्ट्रेचर जातात. महिनाअखेरपर्यंत गळती थांबली तर ठीक, नाही तर काम दुसऱ्याला.

मी म्हटलं, आमची गाडी नसेल. त्या म्हणाल्या, वाका आणि बघा. वाकले. आमचीच होती.

संताप झाला. इतकी स्वच्छ गाडी या शहरात दुसरी नसेल. गेल्या महिन्यात मी स्वतः खाली पोतं टाकून झोपले आणि सोड्याच्या गरम पाण्याने तिचं बूड घासलं. तेव्हा एक थेंब नव्हता. मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या जाड लोखंडी नळीच्या डोक्यावर बटणाएवढं एक बोंडुक डुगडुगत होतं, चिखलाने माखलेलं. ओढलं तर हातातच आलं आणि खाली भोक निघालं. असं उघडं भोक कोणी ठेवतं का? धूळ जाईल, पाणी जाईल. नळ गळल्यावर लावतात ती लांबी मळली, अंगठ्याने दाबून भोक बुजवलं, कडेने ओलं बोट फिरवलं. कोणी म्हणणार नाही तिथे कधी भोक होतं. इतकं मी करते आणि गाडी गळते.

५, बुधवार

गाडी दिराकडे नेली. ह्यांचा धाकटा भाऊ. अठरा वर्षं दुसऱ्याच्या गॅरेजात घालवून चार महिन्यांपूर्वी स्वतःचं काढलं. पत्र्याची शेड, गाडीखाली उभं राहायला एक खड्डा आणि भली मोठी पाटी. गिऱ्हाईक पाटीएवढं नाही. ह्यांचं म्हणणं, घरचं काम घरातच द्यावं. माझं म्हणणं, भावजी माणूस सोन्यासारखा, पण वेगही सोन्याच्या भावाचा, फार थोडा मिळतो.

त्यांनी मला समजावून सांगितलं. मागच्या चाकांच्या मध्ये भोपळ्याएवढा लोखंडी गोळा असतो. त्यात दातेरी चाकं आणि जाड तेल. इंजिनापासून एक लांब शाफ्ट फिरत येतो आणि भोपळ्यात शिरतो. शिरतो तिथे रबराचं कडं असतं, ऑइल सील, तेल आत राहावं म्हणून. ते झिजलं की गळती. भावजी त्या गोळ्याला डिफरन्शियल म्हणतात. मी भोपळाच म्हणणार, माझी जीभ मला प्यारी आहे.

मी खड्ड्याच्या काठावर स्टूल टाकून बसले. त्यांनी आधी शाफ्टवर आणि भोपळ्याच्या तोंडावर पांढऱ्या रंगाची एक एक रेघ मारली, परत बसवताना जुळावी म्हणून. मग मधल्या मोठ्या नटावर टोच्याने खूण केली, नटाबाहेर किती आटे दिसतात ते मोजलं, खडूने पत्र्यावर लिहिलं, पुन्हा मोजलं. मी म्हटलं, भावजी, नट काढताय की त्याची नाडी बघताय?

ते म्हणाले, "वहिनी, हा जास्त आवळला तर आतली बेअरिंगं मरतात, सैल राहिला तर दाते ओरडतात. होता तिथेच न्यायचा."

जुनं सील निघालं. ते हातात फिरवत भावजी म्हणाले, एवढं काही वाईट दिसत नाही हे. मी म्हटलं, गळतंय ना, मग वाईटच. नव्या सीलच्या ओठाला ग्रीस लावलं, लाकडाचा ठोकळा धरून चारी बाजूंनी हळूहळू ठोकत बसवलं. मी चार वेळा घड्याळ बघितलं, त्यांनी एकदाही नाही. दुपारचे तीन वाजले.

६, गुरुवार

दोन्ही फेऱ्या कोरड्या. खाली वर्तमानपत्र अंथरून बघितलं, एक डाग नाही. पानवाल्याला सांगितलं, शिंप्याला सांगितलं, माझ्या दिराचा हात म्हणजे हात.

९, रविवार

गळतेय.

आज दवाखान्याच्या शहराबाहेरच्या शाखेत जाऊन गठ्ठे आणले, जाऊन-येऊन दीड तास. सकाळी निघताना खाली कोरडं ठणठणीत. परत येऊन गाडी उभी केली आणि टप, टप. हे म्हणाले, गाडी तापली की गळते असं दिसतं. मी म्हटलं, तुमच्या भावाची बाजू घेऊ नका. ते म्हणाले, मी गाडीबद्दल बोलतोय. तोच तर त्यांचा डाव असतो.

१०, सोमवार

मेट्रनबाईंनी विचारलं, दुरुस्तीचं काय झालं. मी खरं ते सांगितलं, की दिराचं नवं गॅरेज आहे, त्याला दिली होती, त्याला जमलं नाही, हात कच्चा आहे. पानवाल्यालाही सांगितलं, शिंप्यालाही. परवा चांगलं म्हटलं होतं ते परत घ्यायला नको का? माझ्या पोटात एक आणि ओठात एक असं नसतं.

११, मंगळवार

भावजींनी पुन्हा सगळं उघडलं. या वेळी म्हणाले, सील ज्या गुळगुळीत कडेवर फिरतं त्या कडेला बारीक चरी पडली आहे, नखाला लागते बघा. नख फिरवलं, लागली. त्यांनी ती कड घासून चकचकीत केली आणि नवं सील केसभर आत बसवलं, म्हणजे त्याचा ओठ चरीवर न येता कोऱ्या जागेवर येईल. मला ते पटलं. कॉलर फाटली की उलटी करून लावतो तसंच ते.

खड्ड्यातून डोकं वर काढून त्यांनी विचारलं, "वहिनी, गाडीखाली मधे कोणी हात घातला होता का? दुसऱ्या कोणी मिस्त्रीने?"

मी म्हटलं, छे. माझ्याशिवाय तिच्या बुडाला कोणी हात लावत नाही, आणि मी फक्त स्वच्छ करते.

बरं, म्हणाले.

१३, गुरुवार

शाखेची फेरी. गळतेय. वर्तमानपत्रावर पसाभर डाग.

आता मीच बघते. लोकांच्या पोरांच्या लंगोटांपासून दवाखान्यातल्या म्हाताऱ्यांच्या चादरींपर्यंत मी सगळं धुते. गळती मला नवी नाही. गळती थांबत नसेल तर टिपायची. चार जाड टॉवेल घडी घातले, मधे प्लॅस्टिकचा तुकडा, चार कोपऱ्यांना नाड्या शिवल्या आणि भोपळ्याला खालून लंगोट बांधला. घट्ट, पण रक्त थांबेल असा नाही. हे शेजारी उभे राहून बघत होते. म्हणाले, पावडर लावायची राहिली.

१४, शुक्रवार

लिहायला लाज वाटते, पण वही ह्यांनी वाचायची नाही असं ठरलं आहे.

लंगोट दवाखान्याच्या फाटकापर्यंत टिकला. मागे घेताना एक नाडी सुटली, तो लोंबकळला, फिरत्या शाफ्टला गुंडाळला गेला आणि फाड फाड आवाज करत अंगण ओलांडून थेट मागच्या दाराशी पडला. काळा, ठिबकणारा, नाड्यांसकट. मेट्रनबाई तिथेच उभ्या होत्या, औषधांची पेटी मोजून घेत होत्या. त्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग म्हणाल्या, हे काय आहे ते मला सांगू नका, उचला.

उचललं. सतरा दिवस उरले आहेत आणि त्यांना ते माझ्यापेक्षा नीट पाठ आहेत.

१७, सोमवार

गाडी हमरस्त्यावरच्या काचेच्या गॅरेजात दिली. तिथे फरशी आमच्या इस्त्रीच्या टेबलापेक्षा स्वच्छ आणि माणसं टाय लावून नट आवळतात. भावजींच्या शेडवरूनच जावं लागतं, दुसरा रस्ता नाही. ह्यांनी तिथे गाडी इतकी हळू केली की मला वाटलं थांबतातच. भावजी बाहेर टायर धूत होते. त्यांनी हात वर केला. ह्यांनीही केला. मी समोर बघत होते.

टायवाल्याने दोन तासांत सील बदलून दिलं. मी आल्या आल्या भावजींच्या गल्लीत सांगितलं, काम असं असतं.

१८, मंगळवार

टायवाल्याचंही गळतंय. शिवाय आता उजव्या चाकाच्या आतूनही तेल आलं, ब्रेक ओला झाला. उतारावर ह्यांनी ब्रेक दाबला आणि गाडीने एकाच बाजूने ऐकलं. हे कधी घाबरत नाहीत, आज ओठ पांढरे पडले होते. घरी येऊन एवढंच म्हणाले, "आता तरी त्याच्याकडे चल."

मी चलते म्हटलं. माझ्या तोंडून ते कसं निघालं ते मलाच ठाऊक.

१९, बुधवार

भावजी काही बोलले नाहीत. कुठे नेली होती, का नेली होती, काही नाही. मला बोललेलं चालतं, न बोललेलं चालत नाही.

गाडी शाखेची फेरी करून तशीच नेली होती, तापलेली. भावजींनी या वेळी शाफ्टला हात लावला नाही. भोपळ्यात तेल भरायचं एक बूच असतं बाजूला, ते आधी सोडायला घेतलं. दोन आटे सुटले आणि फुस्स्स झालं, सोड्याची बाटली उघडावी तसं. बुचाच्या कडेने तेलाचे बुडबुडे आले. भावजी तसेच थांबले. मग बूच पुन्हा आवळलं, गाडीच्या मागच्या बाजूने आत सरकले आणि भोपळ्याच्या वरच्या अंगाला हात घालून चाचपत राहिले. बराच वेळ. मग त्यांचा हात एका जागी थांबला.

मी विचारलं, काय सापडलं? ते म्हणाले, वहिनी, कोपऱ्यावरून दोन चहा आणता का, आज घसा फार सुकलाय. मी म्हटलं, मी आणू? तुमच्याकडे फोन नाही? ते म्हणाले, तिथला चहावाला फोन घेत नाही.

चहावाल्याने फोनवर बोलतच मला चहा दिला. परत आले तर आतून ठक ठक आवाज येत होता, छिन्नी-हातोड्याचा. चहा निवला. तास-दीड तासाने बाहेर आले ते हात पुसतच. तापलेली गाडी थंड होऊ दिली, चाकाकडचं सील बदललं, तेल भरलं. म्हणाले, "झालं. जराशी घाण अडकली होती."

एवढ्याशा घाणीसाठी मला तीन वेळा हेलपाटे. मी तसं बोलूनही दाखवलं. ते हो म्हणाले.

२४, सोमवार

पाच दिवस. रोज दोन फेऱ्या, दोनदा शाखा. खाली पांढरी चादर अंथरून बघितली, कोरी. मेट्रनबाई स्वतः वाकल्या, फरशीवरून बोट फिरवलं, बोट बघितलं. म्हणाल्या, ठीक आहे, काम तुमच्याकडेच राहील.

माझ्या जिवात जीव आला. मग त्या पुढे म्हणाल्या, एका गोष्टीसाठी तुमचे आभार. दवाखान्याच्या दोन अँब्युलन्सच्या देखभालीचं काम आम्ही तुमच्या दिरालाच देणार होतो, कागद तयार होता. तुम्ही वेळेवर सांगितलंत की त्यांचा हात कच्चा आहे. आजारी माणसांचा प्रश्न आहे. कागद बाजूला ठेवला.

मी म्हटलं, हो का. आणखी काय म्हणणार?

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ते भाजी चिरत होते. सुरी थांबली आणि पुन्हा सुरू झाली. त्या भाजीचे तुकडे फार बारीक झाले.

खोटं तर बोलले नाही मी. तीनदा गळली ती गळली.

२५, मंगळवार

जाऊ आली, भावजींच्या कामाच्या कपड्यांचं बोचकं घेऊन. एरवी ती घरीच धुते. बोचकं काउंटरवर टाकलं आणि म्हणाली, "जाऊबाई, तेलाचे डाग आहेत. नाही निघाले तर आम्ही गल्लीभर सांगणार नाही, काळजी करू नका."

गिऱ्हाइकं उभी होती. शिंप्याची बायको होती. मी बोचक्याला खुणेची चिठ्ठी लावायला घेतली. ती गेली सुद्धा, ताठ मानेने, चप्पल वाजवत.

कपडे भिजवण्याआधी मी खिसे तपासते. कोणाचेही असोत. पेन, किल्ल्या, दात, सगळं सापडलेलं आहे. भावजींच्या खिशात एक राखाडी खडा निघाला, बोराएवढा, एका बाजूला छिन्नीचे घाव. उलटा केला. दुसऱ्या बाजूवर अंगठा उमटलेला होता, आणि त्या अंगठ्यावर मधोमध आडवी रेघ. इस्त्रीने भाजल्याची. मी माझा अंगठा त्यावर ठेवला. बरोबर बसला.

गिऱ्हाइकांना उद्या या म्हटलं आणि शटर ओढलं.

२६, बुधवार

सकाळीच शेडवर गेले. खडा त्यांच्या हातावर ठेवला. म्हटलं, हे काय आहे ते मला चौथीच्या पोराला सांगतात तसं सांगा.

भावजी आधी म्हणाले, जाऊ द्या वहिनी. मी म्हटलं, मी आले आहे ते जाऊ द्यायला आलेली नाही.

मग त्यांनी सांगितलं. भोपळा चालून चालून तापतो. आतली हवा फुगते. तिला बाहेर पडायला वर एक बारीकसं भोक ठेवलेलं असतं आणि त्यावर डुगडुगतं टोपण असतं. ते डुगडुगायलाच हवं. भोक बंद झालं की हवा वाट शोधते, आणि सगळ्यात मऊ जागा म्हणजे सील. ती सीलच्या ओठातून तेल ढकलत बाहेर येते. मग सोन्याचं सील बसवा, गळणारच.

आमच्या बॉयलरला वाफेची वाट असते. तिच्यावर कोणी ओलं फडकं जरी टाकलं तरी मी त्याला फाडून खाते. हे मला कळायला हवं होतं. मला नाही कळणार तर कोणाला?

मी विचारलं, त्याच दिवशी का नाही सांगितलं?

ते खडा बोटांत फिरवत राहिले. म्हणाले, "तुम्ही चहा घेऊन आलात तेव्हा सांगणारच होतो. पण तुम्ही स्वतः चहा आणला होतात वहिनी. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा." मग म्हणाले, माझीही चूक आहे, पहिल्या दिवशीच वर हात घालून बघायला हवं होतं, खड्ड्यातून ती जागा दिसत नाही.

मी म्हटलं, तुमची चूक तुम्ही तुमच्या वहीत लिहा.

अँब्युलन्सचं त्यांना कळलेलं होतं. आत जाऊ पितळी भांडं असं घासत होती की मला ऐकू जावं.

२७, गुरुवार

माफी मागायची म्हणजे काय करतात ते मला माहीत नाही. ह्यांना विचारलं. ते म्हणाले, जिथे बोललीस तिथे जाऊन उलटं बोल. म्हणजे पानवाला, शिंपी, गल्ली, आणि मेट्रनबाई. पहिल्या तिघांकडे सकाळीच जाऊन आले. पानवाला म्हणाला, मावशी, तुमचं रोज एक नवीन असतं.

मेट्रनबाईंची भीती होती. तोंडाने सांगायला गेले तर मी मधेच भांडेन, म्हणून कागदावर लिहिलं. तीन कागद फाडले. चौथा असा:

"गाडी गळत होती त्यात माझ्या दिराचा दोष नाही. गाडीला हवा सोडायचं भोक होतं ते मी घाण समजून बुजवलं. कोणाला विचारलं नाही. दिराने ते शोधून काढलं आणि माझं नाव घेतलं नाही. काचेच्या गॅरेजालाही ते सापडलं नव्हतं. त्याचा हात पक्का आहे. तोंड माझं कच्चं आहे. अँब्युलन्स त्याला द्याव्यात."

ह्यांनी ते वाचलं. म्हणाले, हे दिलंस तर आपलं काम जाऊ शकतं. न विचारता भोकं बुजवणाऱ्या बाईला कोण कपडे देईल? मी म्हटलं, ते मला कळतं, मी चौथी पास आहे. ह्यांनी गाडीची किल्ली घेतली.

मेट्रनबाईंनी कागद उभ्यानेच वाचला. दोनदा. "भोक बुजवलं" या शब्दांवर त्यांचं बोट थांबलं. बोट तिथेच ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, बसा. त्यांनी मला कधी बसा म्हटलेलं नाही. मला वाटलं, संपलं.

कपाटातून एक हिरवं कापड काढून टेबलावर पसरलं. ऑपरेशनच्या खोलीतलं, जाड. मधोमध तळहाताएवढं ठिगळ, चारी बाजूंनी दुहेरी शिलाई, सुरेख.

"हे कोणी केलं असेल?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मीच. उन्हाळ्याआधी नवा गठ्ठा आला होता, त्यातल्या तेरा कापडांना बरोब्बर मध्ये भोक. कोणी तरी भोकाची कड दुमडून शिवली होती आणि ठिगळ लावायचं विसरलं होतं. अर्धवट काम मला बघवत नाही. पुरं केलं. वेगळी मजुरी मागितली नाही.

मेट्रनबाई खाली बसल्या. मग अगदी सावकाश सांगितलं. ऑपरेशनच्या वेळी हे कापड माणसावर पसरतात. भोक पोटावर येतं. त्या भोकातून ऑपरेशन करतात. दोन महिन्यांपूर्वी मोठ्या सर्जननी हात धुऊन, हातमोजे घालून, चाकू मागून खाली बघितलं, तर भोकच नाही. दुसरं कापड उघडलं, त्यालाही नाही. तिसऱ्यालाही. तेव्हापासून त्यांना वाटतंय दवाखान्यात कोणी तरी त्यांची थट्टा करतंय. शिवणखात्यातल्या म्हाताऱ्या शिंप्याची दोनदा चौकशी झाली.

मी ते हिरवं कापड घडी घालून मांडीवर घेतलं.

मी म्हटलं, बाई, काम काढून घ्या. दिराचं काढू नका. त्याने आयुष्यात कोणाचं भोक बुजवलेलं नाही.

मेट्रनबाईंनी तोंडावर रुमाल धरला. खांदे हलत होते. मला आधी वाटलं रडतात. एवढ्या वर्षांत त्यांचं हसणं कधी बघितलं नव्हतं ना.

रुमाल खाली आला तेव्हा चेहरा पुन्हा जसाच्या तसा. म्हणाल्या, अँब्युलन्स सोमवारपासून तुमच्या दिराकडे. धुलाई तुमच्याकडे. यापुढे मला विचारल्याशिवाय एक टाका घालायचा नाही, एक बटण लावायचं नाही. तेरा कापडं घेऊन जा आणि भोकं परत करा. आणि शिवणखात्यात जाऊन त्या म्हाताऱ्याला तुम्ही स्वतः सांगा.

सांगितलं. म्हाताऱ्याने माझी शिलाई चष्मा चढवून बघितली आणि म्हणाला, चौकशीत मी हेच म्हणत होतो, एवढं चांगलं काम इथे कोणी करत नाही.

२९, शनिवार

दुकान बंद. इस्त्रीच्या टेबलावर तेरा हिरवी कापडं. हे एका बाजूला ब्लेड घेऊन, मी दुसऱ्या बाजूला सुई घेऊन, उसवत बसलो आहोत.

दुपारी भावजी आले, जाऊलाही घेऊन. ती कोपऱ्यात उभी राहिली, बसली नाही. मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याच्या कपड्यांचे डाग निघाले, सगळे. ती म्हणाली, बघते. बघितले. उजेडात धरून, उलटे करून बघितले, माझ्यासारखेच. मग स्टूल ओढलं, एक कापड मांडीवर घेतलं आणि माझ्या हातातली सुई मागितली.

भावजी मदत करायला पुढे झाले. मी म्हटलं, आधी हात धुवा. धुऊन आले. मी नखं बघितली, पुन्हा पाठवलं. दुसऱ्यांदा आले तेव्हा म्हणाले, "वहिनी, रागवणार नसाल तर एक विचारतो. त्या लांबीत तुम्ही काय कालवलं होतं? माझी छिन्नी मोडली तिच्यापायी."

काही नाही, म्हटलं, नीट मळली होती एवढंच. ते मान हलवत राहिले. मला बरं वाटलं, ते मी त्यांना दाखवलं नाही.

संध्याकाळ झाली. चौघांनी मिळून पाच उसवली आहेत. सहावं मी घेऊन बसले आहे, ठिगळाचा एक कोपरा सुटत नाही. दुहेरी टाका, वर गाठ, गाठीवर गाठ. जाऊने ओढून बघितलं, ह्यांनी ब्लेड लावून बघितलं, नाहीच. म्हणून जरा थांबून हे लिहितेय. काम न विचारता केलं हे कबूल, पण कच्चं केलं असं कोणाच्या बापाने म्हणू नये.